बेळगावच्या एस. मगदूम

मगदूम बाईंचे दोन तुकडे झाले
त्याची तारीख माझ्याकडे आहे.
गावाचं सरकारी नाव बदललं त्या महिन्यात
कॉलेजचं लेटरहेड बदललं, शिक्के नवे आले,
जुने मी ग्रंथालयाच्या खालच्या कप्प्यात टाकले,
आणि कुठल्याशा परदेशी संगणकाने ठरवलं
की बेळगावच्या एस. मगदूम वेगळ्या,
बेळगावीच्या वेगळ्या.

बेळगावच्या बाई दोन हजार चौदाला अचानक गप्प झाल्या.
निवृत्त असतील. किंवा वारल्या.
बेळगावीच्या बाई जन्मल्याच पन्नाशीत,
चष्म्यासकट.

पहिलीचा एच-इंडेक्स चार, दुसरीचा तीन.
बढतीच्या फॉर्मला हवेत आठ.
"चार आणि तीन सात. एक कुठून तरी आणू की."
म्हटलं, मॅडम, ही बेरीज तशी होत नाही.
चार निबंध, प्रत्येकाचा निदान चारदा उल्लेख, तर चार.
एकाच निबंधाला शंभर जणांनी डोक्यावर घेतलं
तरी एक.
"म्हणजे एकच पोरगं लई शिकलं
तर घर शिकलेलं धरत नाहीत,"
बाई म्हणाल्या, आणि चहा सांगितला.

एका संध्याकाळी एकेक उल्लेख उघडून बसलो.
ब्राझीलच्या एकाने बाईंना 'तो' म्हटलं होतं.
मलावीच्या एकाने: नमुना फार लहान, फक्त एकशे बारा स्त्रिया.
"त्यातली एक रक्त घ्यायच्या दिवशीच बाळंत झाली,"
बाई पडद्याला म्हणाल्या.
तिघांनी नुसतं यादीत घातलेलं, वाचलं नसावं,
कारण पान नंबरची छापील चूक
तिघांनीही जशीच्या तशी उतरवली होती.
चार उल्लेख बाईंचे स्वतःचेच. ते वजा.

निबंधात होतं काय, तर एवढंच:
निपाणी भागात पहाटे ओल्या तंबाखूचे
फुटवे खुडणाऱ्या बायांना जी भोवळ येते, जी उलटी,
जिला त्या 'तंबाखू लागली' म्हणतात,
ती दव वाळल्यावर खुडलं तर निम्म्याहून कमी होते.

संगणकवाल्यांना मी पत्र लिहिलं:
या दोघी एकच आहेत. गावही एकच आहे.
पुरावा म्हणून दोन्ही शिक्के उमटवून जोडले.
असल्या अर्जांना आमच्याकडे किती वर्षं लागतात
ते सांगत बसलो नाही.
चौथ्या दिवशी उत्तर आलं: विलीन केले.
नवा आकडा पाच.

डिसेंबरात भाच्याच्या सोयरिकीला गळतग्याला गेलो.
सकाळचे नऊ वाजलेले,
बाया बांधावर पदर गुंडाळून बसलेल्या,
पीक समोर तसंच उभं.
काम का नाही, विचारलं तर
तायव्वा नावाच्या म्हातारीने मला वेड्यात काढलं.
"दव वाळल्याबिगर पानाला हात लावू ने, पावणं.
तंबाखू लागती."
कुणी सांगितलं हे?
"त्यात सांगायचं काय? आमच्या सासवांपासनं हाय."

पहाटे पाचला खुडायला लागायच्या ह्याच बाया.
तक्ता क्रमांक तीन, दुसरा स्तंभ.

परत येऊन बाईंना सांगितलं.
वाटलं, मनाला लावून घेतील.
त्या इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला.
मग एकदम, पेशंटला विचारावं तसं:
"ऊन कुठवर आलं होतं?"
बांधापर्यंत.
"आणि सगळ्या बसून होत्या?"
सगळ्या. एक पोर तेवढी मधून उठून
पान चाचपून बघत होती, वाळलं का.
"हातमोजे होते?"
नव्हते.

बाईंनी फॉर्म माझ्याकडे सरकवला.
"म्हणजे अर्धाच वाचलाय," म्हणाल्या,
आणि गळतग्याची पहिली गाडी किती वाजता सुटते ते विचारलं.